सराव मागे म्हणणाऱ्यांचा असतो: एका नव्या महिला भजनी मंडळाला उत्तर

नाशिकच्या एका नव्या गृहसंकुलातील चौदा जणींनी यंदाच्या संक्रांतीनंतर भजनी मंडळ सुरू केले आहे आणि दर गुरुवारी संध्याकाळी त्या सोसायटीच्या सभागृहात जमतात. वये ३२ ते ६८. एकीला पेटी येते, दोघींनी शाळेत असताना गायनाच्या दोन-तीन परीक्षा दिल्या आहेत, बाकीच्यांचा गाण्याशी संबंध आरत्यांपुरता. जवळच्या विठ्ठल मंदिराने त्यांना आषाढीला पाऊण तासाची सेवा दिली असून गणपतीतलीही दोन बोलावणी आली आहेत. मंडळाच्या वतीने लिहिणाऱ्या ताईंनी चार गोष्टी विचारल्या आहेत: वर्षभराचे कार्यक्रम आणि सराव यांचा मेळ कसा घालावा, सगळ्या जणी एकदम गायला लागल्या की गलका होतो त्याला उपाय काय, पुढे कोणी म्हणायचे यावरून सुरू झालेली धुसफूस कशी मिटवावी, आणि पहिल्याच वर्षी स्पर्धेत उतरावे का. डोंबिवलीत १९९८ पासून मी असेच एक मंडळ चालवते आहे. त्या अनुभवाच्या आधाराने, आणि त्यात केलेल्या चुकांच्या तर जास्तच आधाराने, हे लिहीत आहे.

ताई, तुमच्या पत्रात पुढे म्हणणाऱ्या दोघी-तिघींविषयी बरेच आहे आणि मागे म्हणणाऱ्या अकरा जणींविषयी जवळजवळ काहीच नाही. आमचीही पहिली सहा वर्षे अशीच गेली. सरावाचा सगळा वेळ मुख्य गायिकेच्या ताना-आलापांवर जायचा, मागच्या बायका मांडीवर टाळ ठेवून ऐकत बसायच्या, आणि कार्यक्रमात ध्रुपद, म्हणजे सगळ्यांनी पुन्हा पुन्हा म्हणायची ओळ, उचलायची वेळ आली की कोणी आधी, कोणी नंतर, कोणी वरच्या सुरात अशी उचल व्हायची. भजनात ऐकणाऱ्याच्या कानावर सर्वांत जास्त वेळ काय पडते, ते घड्याळ लावून मोजून पाहा. सात मिनिटांच्या अभंगात एकटीचा आवाज जेमतेम अडीच मिनिटे असतो आणि उरलेला वेळ सगळ्यांचा. म्हणून सराव मागे म्हणणाऱ्यांचा घ्यायचा आणि पुढे म्हणणारीने आपली तयारी घरून करून यायचे, हा नियम तुम्ही पहिल्या वर्षीच घालून घ्या. पुढचे सगळे सांगणे याच एका गोष्टीला धरून आहे.

आधी वर्षाचा हिशोब पाहू. भजनी मंडळाचे वर्ष जानेवारीत सुरू होत नाही आणि पाडव्यालाही नाही. ते आषाढी एकादशीला सुरू होते आणि कार्तिकीपर्यंत नुसते धावत असते. चातुर्मासाच्या त्या चार महिन्यांत गुरुपौर्णिमा, श्रावणातली सत्यनारायणे आणि मंगळागौरी, गोकुळाष्टमी, गणपती-गौरी, नवरात्र, कोजागिरी, आणि काकडआरतीचा पहाटेचा महिना इतके सारे येते. पुढे दत्तजयंती, संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंतची हळदीकुंकवे, तुकाराम बीज, रामनवमी आणि चैत्रगौर असे सुटे सुटे प्रसंग असतात. त्यामुळे नवे बसवण्याचे काळ खरे तर दोनच: माघ-फाल्गुनाचा आणि वैशाख-ज्येष्ठाचा. श्रावणात नवा अभंग बसवायला घेणारी मंडळे फार थोडी, आणि घेतलाच तर तो गणपतीत फसतो हे पाहिले आहे.

तुमच्या सुदैवाने यंदा, म्हणजे २०२६ साली, अधिक ज्येष्ठ आला आहे. १७ मे ते १५ जून हा अधिक महिना असल्यामुळे आषाढी २५ जुलैला आहे. गेल्या वर्षी ती ६ जुलैलाच येऊन गेली होती. आज चैत्र सरत आला आहे, तेव्हा तुमच्या हातात चौदा-पंधरा गुरुवार आहेत. मेच्या पहिल्या पंधरवड्यात लग्ने आणि माहेरी जाणे यांमुळे निम्म्या जणी येणार नाहीत, हे आत्ताच गृहीत धरा. मात्र अधिक महिन्यात लग्नकार्ये नसतात. आमचा अनुभव असा की वर्षातली सर्वांत भरलेली हजेरी अधिकात लागते, कारण पुण्य लागते म्हणूनही बायका येतात आणि शनिवार-रविवार मोकळे असतात म्हणूनही. त्या महिन्यातले चार गुरुवार, आणि जमल्यास चार रविवार, नव्या चाली बसवण्यासाठीच राखा. अधिकात घरोघरी भजनाला बोलावतील. पहिल्या वर्षी त्यांतली दोनच बोलावणी घ्या, तीही ओळखीच्या घरची. तिथे चुकले तर कोणी मनावर घेत नाही आणि पंचवीस माणसांसमोर बसण्याची सवय होते.

वाराविषयी एक छोटी सूचना. तुमचा वार गुरुवार आहे. मार्गशीर्षात घरोघर गुरुवारचे व्रत असते, संध्याकाळी पूजा आणि हळदीकुंकू असते. त्या महिन्यापुरता वार बदलून घ्या, नाहीतर महिनाभर सभागृहात तुम्ही आणि पेटी दोघीच असाल.

पाऊण तासात किती म्हणायचे, याचा अंदाज नव्या मंडळाला नेहमी चुकतो. तुम्ही अकरा अभंगांची यादी पाठवली आहे. त्यातले सहा आजच खोडून टाका. नाममंत्राचा गजर चार मिनिटे, रूपाचा, म्हणजे विठ्ठलाच्या रूपाचे वर्णन करणारा अभंग सात, मग दोन अभंग मिळून चौदा, एक गवळण सहा, एक भारूड किंवा जोरकस चालीचा अभंग सात, शेवटचा गजर चार आणि पसायदान तीन, इतक्यात पंचेचाळीस मिनिटे संपतात. म्हणजे गजर आणि पसायदान सोडले तर पाचच रचना बसवायच्या आहेत. निवडताना मुक्ताबाई, जनाबाई, सोयराबाई, कान्होपात्रा, बहिणाबाई यांच्यापैकी एकीचा तरी अभंग घ्यावा असा माझा आग्रह असतो, आणि तो केवळ बायकांचे मंडळ म्हणून नाही. जनाबाईच्या शब्दांत दळण, कांडण, झाडलोट येते तेव्हा म्हणणाऱ्या बाईच्या चेहऱ्यावर जो ओळखीचा भाव उमटतो, तो शिकवून येत नाही. शब्द मात्र गाथेतून तपासून घ्या. ध्वनिफितीवरून आणि मोबाइलवरून उतरवलेल्या वह्यांत पाठ इतके बिघडलेले असतात की एकाच मंडळात तीन वह्यांत तीन पाठ सापडतात आणि गलक्याची अर्धी सुरुवात तिथूनच होते. एकीच्या हातचा, मोठ्या अक्षरातला एकच पाठ सगळ्यांना द्या.

आता गलक्याकडे वळते, कारण खरा प्रश्न तोच आहे. गलक्याची कारणे माझ्या मते तीन: पट्टी (म्हणजे आपला ‘सा’ किती उंचीवर धरायचा ते), श्वास आणि ऐकणे.

आपल्या घरात आरत्या पुरुषांच्या पट्टीत म्हटल्या जातात आणि आपण बायका त्यात कशातरी मिसळून जातो, कधी वर किंचाळून, कधी खाली पुटपुटून. प्रसिद्ध अभंगांच्या ध्वनिमुद्रिका बहुतेक पुरुषांच्या, काळी एक किंवा पांढरी दोनच्या आसपासच्या (ही नावे पेटीच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांवरून पडली). त्या ऐकून बसवलेली चाल बायका त्याच पट्टीत म्हणू लागल्या, तर षड्ज, म्हणजे ‘सा’, वरचा घेतल्यावर अंतऱ्यात तार सप्तकाचा गंधार येतो तिथे घसा ओरडतो, आणि षड्ज खालचा घेतला तर ध्रुपदाचे निम्मे सूर ऐकूच येत नाहीत. बायकांच्या समूहाला काळी चार ते काळी पाच ही पट्टी साधारण मानवते. तुमच्या वयोगटात ६८ वर्षांच्याही ताई आहेत. पन्नाशीनंतर वरचे सूर कमी होत जातात आणि आवाज खाली भरतो, म्हणून तुम्ही काळी चारपासून सुरुवात करा. पहिल्या सरावात रूपाच्या अभंगाचा अंतरा सगळ्यांकडून काळी चार, पांढरी सहा आणि काळी पाच अशा तिन्ही पट्ट्यांत म्हणवून घ्या, आणि डोळे मिटून ऐका. ज्या पट्टीत सर्वांत मोठ्या ताईंचा आवाज फाटत नाही आणि सर्वांत लहान मुलीचा दबत नाही, ती तुमच्या मंडळाची पट्टी. ती एकदा ठरली की दर कार्यक्रमाला बदलू नका. गोव्यातल्या चर्चमध्ये गाणाऱ्या बायका उंच आणि खालच्या आवाजांत विभागलेल्या असतात आणि त्यांच्या ओळी वेगळ्या असतात. आपल्याकडे सगळ्यांची ओळ एकच, म्हणून आपल्याला पट्टीची चूक झाकायला जागा नाही. तरीही एक सवलत मी देते: अंतऱ्यातली अगदी वरची जागा ज्यांना झेपत नाही त्यांनी तेवढे दोन शब्द गाऊ नयेत, नुसता टाळ धरावा आणि समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, पुन्हा मिसळावे. नाहीतर चौघींचे ओरडणे दहा जणींचा सूर बुडवते.

श्वासाची गोष्ट जवळून दाखवते. तुकोबांच्या रूपाच्या अभंगाची पहिली ओळ घ्या: ‘सुंदर तें ध्यान उभे विटेवरी, कर कटावरी ठेवोनियां’. मोठ्या अभंगाचे चार चरण, पहिल्या तिन्हींत सहा-सहा अक्षरे आणि चौथ्यात चार. ‘सुंदर’ ही तीन अक्षरे आहेत, सुं-द-र. पण आपण रोजच्या बोलण्यात शेवटचा र अर्धा करून टाकतो आणि तसाच गातो. दहा जणी ‘सुंदर्’ म्हणतात, चौघी ‘सुंद-र’ म्हणतात, आणि तेवढ्यात ओळ फाटते. ‘कर’चेही तेच: क-र, दोन पूर्ण अक्षरे. म्हणून नवी रचना हाती घेतली की आधी चाल नाही, पेटी नाही. सगळ्यांनी मांडीवर हाताने मात्रा देत ओळ नुसती वाचायची, अक्षर अक्षर पूर्ण उच्चारत. पाच-सात वेळा वाचली की सगळ्या जणी एका ठेक्यात येतात. मग श्वास ठरवायचा. सवयीने बायका तिसऱ्या चरणानंतर, म्हणजे ‘कर कटावरी’ म्हणून झाल्यावर श्वास घेतात, कारण तिथे ‘विटेवरी’शी यमक जुळते आणि ओळ संपल्यासारखी वाटते. पण अर्थ तिथे संपत नाही. हात कमरेवर ठेवून तो उभा आहे. श्वास ‘विटेवरी’नंतर भरपूर घ्यायचा आणि पुढचे दोन्ही चरण एका दमात न्यायचे, म्हणजे चौथा, चारच अक्षरांचा चरण ढिला पडत नाही. ज्यांना एका दमात जमत नाही, त्यांनी शेजारणीशी ठरवून वेगवेगळ्या अक्षरांनंतर चोरून श्वास घ्यावा. दोघींनी एकाच जागी घेऊ नये, एवढेच पथ्य. गजरात तर हे फारच महत्त्वाचे. लय वाढली की सगळ्यांचा दम एकाच जागी संपतो आणि मध्येच भगदाड पडते.

तिसरी गोष्ट ऐकण्याची. सरावाचा पहिला अर्धा तास पेटी उघडू नका. पेटी प्रत्येक सूर वाजवून दाखवते, त्यामुळे चुकीचा सूर लागला तरी तो पेटीच्या आवाजाखाली झाकला जातो, आणि कार्यक्रमात पेटीचा माइक लहान झाला की सगळे उघडे पडते. नुसता तंबोरा लावा. मोबाइलवरचा चालेल, पण तो फोनच्या इवल्याशा स्पीकरवर न लावता एखाद्या बऱ्या स्पीकरला जोडा, म्हणजे खालचा खर्ज ऐकू येईल. त्यावर पाच मिनिटे नुसता ‘सा’, पाच मिनिटे सा-प-सा, आणि मग त्या दिवशीच्या अभंगाचे ध्रुपद, तेही अर्ध्या आवाजात. अर्ध्या आवाजात गायले की शेजारणीचा सूर कानावर येतो. मोठ्याने गाणारी बाई फक्त स्वतःलाच ऐकत असते.

तुम्ही एका ताईंविषयी लिहिले आहे की त्या कणसूर आहेत, म्हणजे त्यांचा सूर किंचित हलतो, आणि त्यांना कसे सांगावे कळत नाही. त्यांना काही सांगू नका. दोन पक्क्या सुरांच्या बायकांमध्ये त्यांना बसवा, पेटीपासून दूर, आणि दोन महिने वाट पाहा. आमच्याकडे एक ताई होत्या, सगळ्यांपेक्षा चांगल्या पाठांतराच्या, पण ध्रुपदात कायम वेगळ्याच सुरावर. पुष्कळ दिवसांनी लक्षात आले की त्या आयुष्यभर यजमानांच्या पट्टीत आरत्या म्हणत आल्या होत्या आणि आमच्या पट्टीतही तो जुना सूरच शोधत होत्या. त्यांच्यासोबत एकटीने बसून त्यांना काळी चारचा ‘सा’ रोज सकाळी दहा मिनिटे गुणगुणायला सांगितले. आज आमचा काकडा त्या उचलतात.

टाळाविषयीही चार शब्द, कारण गलक्यात त्याचा वाटा सुरापेक्षा कमी नसतो. नव्या बायका टाळ टाळीसारखे वाजवतात, पूर्ण तोंडावर तोंड आपटून, आणि मग ‘खट’ असा मेलेला आवाज येतो. खालचा टाळ सैल हाताने आडवा धरायचा, वरच्याची कड त्याच्या कडेला जराशी तिरकी लागली पाहिजे, आणि लागल्यावर लगेच सुटली पाहिजे, म्हणजे झणत्कार उरतो. शब्द तोंडपाठ होईपर्यंत टाळ हातात द्यायचाच नाही हा आमचा नियम आहे. वही, टाळ आणि चाल तिन्ही एकदम सांभाळायला गेले की तिन्ही सुटतात. आणि लय चौदा टाळांची नसते, एकाच टाळाची असते. मध्यभागी बसणारी एक स्थिर हाताची बाई निवडा आणि सगळ्यांनी तिच्या हाताकडे पाहून वाजवा. बायकांच्या मंडळांवर लय पळवण्याचा आरोप नेहमी होतो आणि मी परीक्षक म्हणून बसते तेव्हा मलाही तो करावा लागतो. पण बहुतेक वेळा पळते ती लय गाण्यामुळे नव्हे, मागच्या कोपऱ्यातल्या दोन उत्साही टाळांमुळे पळते.

पखवाजवाले बाहेरून येणार असतील तर त्यांना शेवटच्या दोन नव्हे, निदान चार सरावांना बोलवा आणि तुमची पट्टी आधी कळवा. काळी चारला लावायचा पखवाज लहान तोंडाचा लागतो; पुरुषांच्या मंडळाचा पखवाज ऐनवेळी ठोकून ठोकून चढवला तर पुडी, म्हणजे तोंडावरचे कातडे, जाते किंवा वादकाचा मूड जातो, आणि दोन्ही महाग पडतात. जुलैच्या दमट हवेत कातडे सैल पडून सूर उतरतो, म्हणून कार्यक्रमाच्या जागी अर्धा तास आधी पोहोचणे त्यांच्यासाठी आवश्यक असते. बायकांमध्येच कोणी पखवाज किंवा तबला शिकायला तयार असेल तर तिला आजच क्लासला पाठवा. तीन वर्षांनी तुमची अर्धी अडचण आणि निम्मा खर्च सुटलेला असेल.

पुढे कोणी म्हणायचे, हा तुमचा तिसरा प्रश्न. धुसफूस गाण्यामुळे होत नाही, अनिश्चिततेमुळे होते. प्रत्येक रचनेला दोन जणी ठरवून टाका, एक म्हणणारी आणि एक राखीव, आणि ते वहीत लिहून ठेवा. राखीव बाई नुसती सोय म्हणून नाही. मंदिरातल्या कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी कोणाला सुतक येते, कोणाच्या सुनेला कळा सुरू होतात, कोणी महिन्याच्या अडचणीमुळे स्वतःहून मंदिरात येत नाही. शेवटच्या बाबतीत माझे मत वेगळे आहे आणि मी ते आमच्या मंडळात सांगतेही, पण निर्णय जिचा तिने घ्यायचा. मंडळाने कोणाला विचारायचे नाही आणि अडवायचेही नाही. दोघी तयार असल्या की प्रश्नच उरत नाही. रचना देताना आवाजाचा विचार करा, वयाचा किंवा मंडळ कोणी काढले याचा करू नका. गवळण हलक्या, फिरत्या गळ्याला द्या. भारूड अभिनय करणारीला, तिचा सूर थोडा कच्चा असला तरी चालेल. आणि जी कधीच पुढे म्हणणार नाही तिच्याकडे एखादे काम पूर्णपणे सोपवा. लय धरणारा टाळ, काकड्याची उचल, हिशोबाची वही, काहीही. पण त्यात इतरांनी लुडबुड करायची नाही.

सभासदांविषयी एक नियम मात्र मी तुम्हाला आग्रहाने सांगेन. संक्रांतीच्या दिवसांत हळदीकुंकवाच्या कार्यक्रमांना भजनासाठी बोलावतात. एका घरी भजन संपल्यावर यजमानीणबाईंनी आमच्यातल्या दोघींना सोडून बाकी सगळ्यांना हळदीकुंकू लावले आणि वाण दिले. त्या दोघींचे यजमान वारलेले होते. त्या दोघी काही बोलल्या नाहीत, टाळांची पिशवी बांधत बसल्या. परतताना रिक्षात कोणीच बोलले नाही. त्यानंतर आम्ही बोलावणे घेतानाच स्पष्ट सांगतो की आम्ही सतरा जणी येऊ आणि सतरा जणींना सारखेच वागवले जाईल, नाहीतर येणार नाही. दोन घरांनी बोलावणे परत घेतले. बाकीच्यांनी नुसते ‘अहो, त्यात काय’ म्हटले आणि विषय संपला.

ध्वनिवर्धकाचा विषय थोडक्यात. चौदा जणींना चौदा माइक लागत नाहीत. एक पुढे म्हणणारीला, दोन मागच्या अर्धवर्तुळासमोर थोड्या अंतरावर, एक पेटीला, आणि पखवाजाला बहुधा एकही नाही. मंडपाच्या साउंडवाल्याला पखवाज फार आवडतो, तेव्हा त्याच्याशी कार्यक्रमाआधीच गोडीने बोलून घ्या. गणपतीत एका मंडळाने आम्हाला सातची वेळ देऊन साडेनऊला बसवले आणि एकच माइक पुढे केला. तेव्हापासून वेळ आणि माइकांची संख्या आम्ही आधीच फोनवर ठरवतो आणि निरोप लिहूनही पाठवतो. गणपतीच्या दहा दिवसांत घरच्या, सोसायटीच्या आणि शेजारच्या आरत्या ओरडून ओरडून घसे बसतात. यंदा चतुर्थी १४ सप्टेंबरला आहे, तुमची दोन्ही बोलावणी जमल्यास पहिल्या तीन दिवसांतच घ्या.

पैशाबाबत पहिल्या वर्षी फार डोके घालू नका. महिन्याची ठरावीक वर्गणी, पखवाजवाल्यांचे मानधन, टाळांची खरेदी आणि येण्याजाण्याचा खर्च, एवढाच हिशोब असतो. बिदागी मिळाली तर ती वाटून घेऊ नका, मंडळात ठेवा. संस्था म्हणून नोंदणी करायला किमान सात सभासद लागतात आणि तुम्ही चौदा आहात, पण नोंदणी झाली की दरवर्षीचे हिशोब आणि कागदपत्रे मागे लागतात. मंडळाच्या नावाने बँकेत खाते उघडण्याची खरी गरज पडेल तेव्हा ते पाहा. साड्यांबाबत मी एवढेच म्हणेन की नव्या घेऊ नका. प्रत्येकीच्या कपाटात एक हिरवी साडी असतेच.

स्पर्धेविषयी माझे उत्तर: यंदा उतरू नका, पण जाऊन ऐका. महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळाच्या भजन स्पर्धांत महिलांच्या संघांची वेगळी स्पर्धा असते, आणि गावोगावची मंदिरे व संस्थाही स्पर्धा घेतात. सगळ्या जणी मिळून एक दिवस प्रेक्षकांत बसा, वही घेऊन, आणि प्रत्येक संघाची ध्रुपदाची उचल कशी होते तेवढेच लिहून आणा. स्पर्धेत वेळ नेमका असतो आणि घंटा निर्दय असते. आमच्या पहिल्या स्पर्धेत मुख्य गायिकेने आलाप लांबवला, घंटा अंतऱ्यात वाजली आणि गवळण म्हणायची राहूनच गेली; गुणपत्रिकेत सांघिक परिणामाच्या रकान्यात आमच्या मंडळाला सर्वांत कमी गुण होते. त्या दिवशी मला राग आलेला आठवतो. परीक्षकांचे बरोबर होते हे कळायला मला पुढची दोन वर्षे लागली. पुढच्या वर्षी उतराल तेव्हा दिलेल्या वेळेपेक्षा दोन मिनिटे कमीच बसवा, आणि त्या दोन मिनिटांचा मोह कोणालाही होऊ देऊ नका.

येत्या गुरुवारी काय करायचे ते सांगून थांबते. सहा अभंग खोडलेली यादी वाचून दाखवा आणि उरलेल्या पाचांपुढे दोन-दोन नावे लिहा. अर्धा तास तंबोऱ्यावर पट्टी ठरवा. मग रूपाच्या अभंगाची पहिली ओळ वाचायला घ्या. त्या दिवशी तेवढीच ओळ झाली तरी चालेल. सराव दीड तासाच्या पुढे नेऊ नका, कारण त्यानंतर सूर उतरतात आणि गप्पा चढतात. चहा शेवटी, मध्ये नाही. आणि पखवाजवाल्यांना मात्र त्या गुरुवारची वाट न पाहता आजच फोन करा. आषाढीच्या दिवशी त्यांना पाच ठिकाणची बोलावणी असतात, आणि या घडीला त्यांतली तीन तरी येऊन गेली असतील.